कारखाना बंद होतो, पाऊस चालूच राहतो

एक हेक्टर जागेवर ५० मिलिमीटर पाऊस पडला की तिथे पाच लाख लिटर पाणी उतरतं. जागा जुन्या कारखान्याची असेल तर थोडं पाणी वाफ होऊन जातं आणि बाकीचं गटाराकडे वाहतं किंवा जमिनीत मुरतं. या दोन्ही वाटांनी जाताना ते सोबत काहीतरी घेऊन जातं. म्हणून माती साफ करणं आणि पावसाचं पाणी साफ करणं ही दोन वेगळी कामं मानणं मला मुळातच चुकीचं वाटतं. प्रत्यक्षात मात्र मातीचा आराखडा एकाकडे आणि गटारांचा दुसऱ्याकडे, अशी वाटणी सर्रास होते.

जमिनीत काय सापडेल हे तिथे काय बनत होतं यावर ठरतं. कोळशापासून गॅस बनवणाऱ्या जुन्या कारखान्यांच्या जागी डांबर, बेंझिन आणि सायनाइडची संयुगं मिळतात. धातूंना मुलामा देणाऱ्या कारखान्यांच्या जागी क्रोमियम आणि कॅडमियम असतं, तर लाकडाला कीड लागू नये म्हणून औषधं पाजणाऱ्या कारखान्यांत आर्सेनिक. त्यामुळे कुदळ मारण्याआधी जुने नकाशे काढावे लागतात. टाकी कुठे होती, पिंपं कुठे रचत, सांडपाण्याचा नळ कुठून जात होता हे कळलं तरच नमुने योग्य जागी घेतले जातात. हे काम कंटाळवाणं आहे, पण पुढचा सगळा खर्च त्यावर ठरतो.

आता मातीकडे येऊ. मूठभर मातीत वाळू, पोयटा आणि चिकणमाती यांचे कण मिसळलेले असतात. बहुतेक विषारी द्रव्यं यातल्या बारीक कणांना धरून बसतात. कण जितका लहान, तितका तेवढ्याच वजनाच्या मातीचा पृष्ठभाग मोठा: दोन मिलिमीटरच्या खड्याऐवजी दोन मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण घेतले तर पृष्ठभाग हजारपट होतो. शिवाय चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे शिसं, जस्त, कॅडमियम यांचे धनभारित आयन तिथे चिकटतात. माती धुण्याचं तंत्र याच गुणावर उभं आहे. माती पाण्यात घुसळायची, वाळू-खडी वेगळी काढून पुन्हा वापरायची आणि विष साठलेला थोडासा गाळच पुढच्या प्रक्रियेला पाठवायचा. लंडनमध्ये २०१२ च्या ऑलिम्पिकसाठी जुन्या औद्योगिक जमिनीवर क्रीडासंकुल उभारताना माती धुणाऱ्या यंत्रांचा मोठा वापर झाला आणि खणलेली बरीचशी माती स्वच्छ करून तिथेच वापरली गेली. मातीत चिकणमातीच जास्त असेल तर मात्र हे तंत्र परवडत नाही, कारण वेगळं काढण्याजोगं फारसं काही उरतच नाही.

पावसात पहिल्यांदा उचलले जातात ते हेच बारीक कण. गटारातल्या गढूळ पाण्यातलं बरंचसं शिसं पाण्यात विरघळलेलं नसतं, ते गाळावर बसून प्रवास करतं. मग पाणी तळ्यात थोपवून गाळ बसू दिला की झालं, असं वाटू शकतं. हिशेब करून पाहू. १०० मायक्रॉनचा वाळूचा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली जायला साधारण दोन मिनिटं घेतो. दोन मायक्रॉनच्या चिकणमातीच्या कणाला तेवढंच अंतर कापायला तीन दिवसांहून जास्त वेळ लागतो. आणि आपल्याला पकडायचा असतो तो हाच दुसरा कण. म्हणून निवळणतळ्यानंतर तुरटीसारखी द्रव्यं घालून कणांचे गोळे करावे लागतात, किंवा पाणी वाळूच्या थरांतून गाळावं लागतं. विरघळलेल्या सेंद्रिय, म्हणजे बेंझिनसारख्या कार्बनी द्रव्यांसाठी सक्रिय कोळसा, म्हणजे ती द्रव्यं धरून ठेवणारा सच्छिद्र कोळसा लागतो.

इथे एक नेहमीची चांगली सवय उलटी पडते. एरवी पावसाचं पाणी जमिनीत मुरवणं हे पुण्याचं काम. दूषित जमिनीवर तेच पाणी विषाला खाली भूजलापर्यंत नेतं. अशा जागी पाझरखड्डा नको. तळाशी प्लास्टिकचं जाड अस्तर घातलेलं तळं हवं.

मातीला न चिकटणारी द्रव्यंही आहेत आणि तीच जास्त त्रास देतात. षट्संयुजी क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचं जास्त विषारी रूप, पाण्यात ऋणभारित रूपात असतं, त्यामुळे चिकणमाती ते फारसं धरून ठेवत नाही. लोहाचे क्षार मिसळून त्याचं त्रिसंयुजी रूप केलं की ते जवळपास अविद्राव्य होतं आणि जागेवर थांबतं. यंत्रभागांवरचं ग्रीस काढायला वापरलं जाणारं ट्रायक्लोरोएथिलीन पाण्यापेक्षा जवळपास दीडपट जड असतं. ते भूजलातूनही खाली बुडत जातं आणि खडकाच्या फटींत साठून वर्षानुवर्षं थोडंथोडं विरघळत राहतं. पाणी उपसून शुद्ध करत राहिलं की प्रदूषणाचे आकडे उतरतात, उपसा थांबला की पुन्हा चढतात. १९९७ मध्ये असा एक जीवाणू वर्णिला गेला, जो अशा द्रावकांमधले क्लोरीनचे अणू एकेक करून काढतो आणि शेवटी निरुपद्रवी एथिलीन उरतं. त्याचं नाव डिहॅलोकोकॉइड्स. मला ही या क्षेत्रातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. पण प्रक्रिया मध्येच अडली तर विनाइल क्लोराइड साचतं आणि ते मूळ द्रव्याहूनही घातक, कर्करोगकारक आहे. त्यामुळे केवळ जीवाणू सोडून भागत नाही, प्रत्येक टप्प्याचं मोजमाप करत राहावं लागतं.

क्रम चुकला तर सगळंच वाया जातं. अमेरिकेतल्या सिॲटलमध्ये डुवामिश नदीचा शेवटचा सुमारे आठ किलोमीटरचा पट्टा २००१ मध्ये सर्वाधिक दूषित जागांच्या राष्ट्रीय यादीत आला. तिथे नदीतळाचा गाळ काढण्याआधी काठावरचे स्रोत आवरण्यावर भर दिला गेला. नदीत उतरणारी पावसाळी गटारं त्यात महत्त्वाची होती, कारण जुन्या इमारतींचा रंग आणि सांध्यांतली लुकणसुद्धा पीसीबी नावाची टिकाऊ द्रव्यं गटारात सोडू शकते. गटारं तशीच ठेवून तळ खरवडला असता तर पुढच्या पावसात तो पुन्हा दूषित झाला असता.

सेंद्रिय द्रव्यं जीवाणू, उष्णता किंवा रसायनांनी मोडता येतात. शिसं, आर्सेनिक ही मूलद्रव्यं, ती मोडत नाहीत. ती दुसरीकडे न्यावी लागतात किंवा स्वच्छ मातीच्या थराखाली झाकून ठेवावी लागतात. हा थर टिकवायचा तर त्यावरचं पाणी नीट वाहून गेलं पाहिजे. उतार कमी झाला, गटार तुंबलं, झाडाच्या मुळांनी हा थर फाटला, की पाणी आत शिरतं. म्हणून अशा जागेच्या अंदाजपत्रकात गटार साफ करण्याचा आणि निरीक्षण विहिरींतले नमुने तपासण्याचा खर्च काम संपल्यानंतरच्या अनेक दशकांसाठीही धरावा लागतो.