काचेवरचा हिरवा थर: प्रवाळ टाकीतील शेवाळ-नियंत्रणाची पार्श्वभूमी

खाऱ्या पाण्याच्या प्रवाळ टाकीत नको ते शेवाळ माजले की आज सर्वप्रथम नायट्रेट आणि फॉस्फेट ही शेवाळाला खत ठरणारी द्रव्ये मोजली जातात. या छंदाला तेथवर पोहोचण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली, कारण आरंभीच्या मत्स्यपालकांना शेवाळ काढायचे नव्हते, टिकवायचे होते. १८४६ साली ॲना थिन यांनी टॉर्की येथून लंडनला दगडी प्रवाळ आणले, तेव्हा पाण्यात हवा मिसळावी म्हणून ते एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात वारंवार ओतावे लागे. पुढे त्यांनी त्यात समुद्री वनस्पती सोडल्या आणि हे कष्ट पुष्कळच कमी झाले. रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये मासे आणि पाणवनस्पती एकमेकांना कसे जगवतात याचे विवेचन प्रसिद्ध केले. त्यांचा तो प्रयोग गोड्या पाण्यातला होता. पण कुजणारी पाने व बुळबुळीत हिरवा थर आवरण्यासाठी त्यांनी त्यात गोगलगायी सोडल्या होत्या, आणि आजही टाकीवाल्याचा पहिला उपाय तोच असतो.

हा समतोल उन्हात फार काळ टिकत नसे. विल्यम आल्फर्ड लॉइड यांनी १८७१ साली उघडलेल्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मत्स्यालयात मोठ्या अंधाऱ्या हौदातून पाणी सतत फिरवण्याची व्यवस्था केली, तेव्हा प्रकाश तोडला की पाणी हिरवे होत नाही, हे तत्त्व व्यवहारात उतरले. मात्र प्रवाळाच्या शरीरात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाला प्रकाश हवाच असल्याने प्रवाळ पाळणाऱ्याला हा मार्ग बंद होता. माझ्या मते पुढचा सगळा इतिहास या एका अडचणीतून निघतो: प्रकाश कमी करता येत नाही, म्हणून खत कमी करावे लागते.

विसाव्या शतकाच्या मध्यावर रेतीखालच्या गाळण यंत्रणेने माशांच्या घाणीतून येणाऱ्या विषारी अमोनियाचा प्रश्न सोडवला, पण तिच्यातले जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करत असल्याने नायट्रेटचा नवा प्रश्न निर्माण केला. तयार झालेले नायट्रेट टाकीतून बाहेर पडायला पाणी बदलण्याखेरीज फारशी वाट नव्हती. त्या काळच्या टाक्यांत शोभेसाठी प्रवाळांचे मृत सांगाडे ठेवत आणि ते हिरवे-तपकिरी झाले की बाहेर काढून ब्लीचमध्ये बुडवत. शेवाळ-नियंत्रण म्हणून याहून अधिक काही करणे फारसे कोणाला सुचत नव्हते. इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये जिवंत खडक (जिवाणू व लहान जीव वसलेला समुद्रातला खडक), हवेचे बुडबुडे आणि सूर्यप्रकाश एवढ्यावर चालणारी पद्धत मांडली, पण तिची खरी किंमत कळायला आणखी दोन दशके जावी लागली.

दरम्यान युरोपात, मुख्यतः जर्मनीत, फेसाबरोबर सेंद्रिय घाण वर खेचून काढणारा प्रोटीन स्किमर रुळला. पीटर विल्केन्स यांनी चुन्याच्या निवळीचा, म्हणजे काल्कवासरचा, पुरस्कार केला. तिने कॅल्शियम तर मिळतेच, शिवाय थोडे फॉस्फेटही अवक्षेपित होते. जिवंत खडक, जोरकस स्किमर आणि काल्कवासर यांची सांगड म्हणजेच बर्लिन पद्धत. अमेरिकेत मात्र १९८६ मध्ये जॉर्ज स्मिट यांच्या लेखांमुळे प्लास्टिकच्या गोळ्यांवरून पाणी ठिबकवणाऱ्या ओल्या-सुक्या गाळणीची लाट आली आणि ती ओसरल्यावर, ही पेटी नायट्रेटचा कारखाना आहे, असे लोक म्हणू लागले.

स्मिथसोनियन संस्थेचे वॉल्टर एडी यांनी नेमका उलट विचार केला. पोषकद्रव्ये शेवाळच शोषते, तर ते मुख्य टाकीत वाढू देण्याऐवजी वेगळ्या जाळीवर प्रखर प्रकाशात वाढवावे आणि नियमित खरवडून टाकावे, अशी त्यांची कल्पना होती. १९८२ मध्ये त्यांना तिचे पेटंट मिळाले. अशा टाकीचे पाणी पिवळसर होते, त्यात प्रवाळ नीट वाढत नाहीत, असे आक्षेप घेतले गेले. तरी खत बाहेर नेण्याचे साधन म्हणून शेवाळाकडे पाहण्याची ही दृष्टी टिकली आणि टाकीखालच्या रेफ्युजियमपर्यंत, म्हणजे शेवाळ वाढवण्याच्या वेगळ्या कप्प्यापर्यंत, पोहोचली.

तेथे प्रथम कौलर्पा हे समुद्री शेवाळ लावत, पण ते टाकीबाहेर समुद्रात गेले की काय होते हे लवकरच दिसले. मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाजवळ १९८४ मध्ये कौलर्पा टॅक्सिफोलियाची लहानशी वाढ दिसली आणि नंतर ती भूमध्य समुद्रात दूरवर पसरली. २००० साली हीच वनस्पती कॅलिफोर्नियाच्या आग्वा हेदियोंदा खाजणात सापडली. ताडपत्र्यांखाली क्लोरीन सोडून ती मारावी लागली आणि उच्चाटन झाल्याचे २००६ मध्ये जाहीर झाले. कॅलिफोर्नियाने तिच्यासह अनेक कौलर्पा प्रजाती बाळगण्यावर बंदी घातली. शिवाय कौलर्पा प्रजननाच्या वेळी अचानक विरघळून साठवलेले सारे पाण्यात परत ओतते, म्हणून गुंतवळासारखे वाढणारे किटोमॉर्फा हे दुसरे शेवाळ अधिक सोयीचे ठरले.

चरणाऱ्या प्राण्यांचे महत्त्व समुद्रानेच दाखवून दिले. १९८३-८४ मध्ये कॅरिबियनमधील लांब काट्यांचे डायडेमा अर्चिन (शेवाळ चरणारे गोल, काटेरी समुद्री प्राणी) रोगाने जवळजवळ संपले. आधीच अतिमासेमारीने शाकाहारी मासे कमी झालेल्या जमैकाच्या किनाऱ्यावर प्रवाळांचे आच्छादन सुमारे पन्नास टक्क्यांवरून पाच टक्क्यांखाली आले आणि शेवाळाचे चार टक्क्यांवरून ९२ टक्क्यांवर गेले. वादळांचाही त्यात वाटा होता. तरीही शेवाळ खाणारे टँग मासे, अर्चिन आणि टर्बो गोगलगायी यांना टाकीतील ‘सफाई पथक’ म्हणण्यामागे हा अनुभव उभा आहे.

नंतरच्या काळात पिण्याच्या पाण्यातील आर्सेनिक काढण्यासाठी वापरले जाणारे दाणेदार लोहसंयुग फॉस्फेट शोषण्यासाठी टाक्यांत आले, तसेच वाढणाऱ्या जिवाणूंनी खत शोषावे म्हणून त्यांना खाद्य म्हणून व्होडका घालण्याची प्रथाही पडली. ब्रायॉप्सिस या चिवट शेवाळावर फ्लुकोनॅझोल हे बुरशीनाशक औषध चालते, असेही आढळले, परंतु मेलेल्या शेवाळातील खत पाण्यातच उतरत असल्याने ते काढण्याचे काम उरतेच. या साधनांनी खत इतके उतरवता येऊ लागले की नायट्रेट व फॉस्फेट शून्यावर गेलेल्या टाक्यांत डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय सूक्ष्मजीवांचे तपकिरी, बुडबुडे धरणारे तार दिसू लागले. त्यामुळे आता काही जण हीच दोन द्रव्ये मोजून पाण्यात घालतात आणि त्यांची जात ओळखण्यासाठी सूक्ष्मदर्शकही बाळगतात, कारण त्यांपैकी रात्री पाण्यात सुटणाऱ्या ऑस्ट्रिऑप्सिसवर अतिनील दिवा उपयोगी पडतो, तर वाळूला धरून राहणाऱ्या ॲम्फिडिनियमवर त्याचा फारसा परिणाम होत नाही.