सिगारेट ओढता आणि ‘जीन टेस्ट’ करायची आहे? आधी हे वाचा

वागळे इस्टेटची शिफ्ट सुटली की आमच्या लॅबच्या काउंटरवर कोणी ना कोणी हळूच विचारतं, “कॅन्सर होणार की नाही, ते रक्तातून कळतं ना?” बहुतेकदा शर्टाच्या खिशातून सिगारेटचं पाकीट डोकावत असतं.

थोडं कळतं. २००८ मध्ये पंधराव्या गुणसूत्रावरची एक जागा सापडली. निकोटिन पेशीवर जिथे चिकटतं, ते रिसेप्टर तिथली जनुकं बनवतात. त्यात ठरावीक बदल असेल तर फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका साधारण ३० टक्क्यांनी वाढतो. आई-वडील दोघांकडून आला असेल तर आणखी. अशा माणसांना सिगारेटची तलफही जास्त येते. हा आकडा मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून काढलेला आहे, आणि सिगारेटमुळे धोका वाढतो तो १५ ते ३० पट! त्यापुढे ३० टक्के म्हणजे किस झाड की पत्ती. उलट रिपोर्ट ‘चांगला’ आला म्हणून निर्धास्त ओढणारेही असतात. म्हणून धूम्रपान करणाऱ्यांना आम्ही ही टेस्ट विकत नाही.

नुकसान होतं ते असं: धुरातलं बेन्झोपायरीन हे घातक रसायन बाहेर टाकण्यासाठी शरीर ते पाण्यात विरघळेल असं करायला जातं. त्या खटाटोपात त्याचं असं रूप तयार होतं, की ते थेट डीएनएला चिकटतं. पी-५३ या पेशींच्या राखणदार जनुकात ते नेमकं कुठे चिकटतं, हे १९९६ मध्ये दिसलं. फुप्फुसाच्या गाठींत बिघाडही त्याच जागी सापडतात. रोज एक पाकीट ओढलं तर फुप्फुसाच्या प्रत्येक पेशीत वर्षाला सरासरी १५० बदल साठतात, असा २०१६ चा हिशेब आहे. विडीला यातून सूट नाही.

एक गोंधळ नेहमीचा. फुप्फुसाचा कॅन्सर झालेल्या काकांचा ‘ईजीएफआर पॉझिटिव्ह’ रिपोर्ट घेऊन पुतणे येतात: “आमची पण करा.” अहो, ती तपासणी गाठीच्या तुकड्यावर असते, औषध ठरवण्यासाठी. ईजीएफआर या जनुकातला तो बदल गाठीतच झालेला असतो. सहसा वारशाने येत नाही.

उपयोगाची तपासणी म्हणजे लो-डोस सीटी, म्हणजे कमी किरणांचा छातीचा सीटी स्कॅन. रोज एक पाकीट या हिशेबाने ३० वर्षं ओढलेल्या, ५५ ते ७४ वयाच्या लोकांवर अमेरिकेत मोठी चाचणी झाली. साध्या एक्स-रेच्या तुलनेत फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले (२०११). सिगारेट सोडायला मदत हवी असेल तर सरकारी क्विटलाइन आहे: १८००-११-२३५६, फोन मोफत.

सीटी आमच्याकडे होत नाही. छातीच्या डॉक्टरांना विचारूनच करा. टीबीचे जुने व्रणही सीटीत गाठीसारखे दिसतात, तेव्हा आधीचे एक्स-रे आणि टीबीचे कागद सोबत न्या.