फ्लिंट: नळातलं शिसं आणि कोर्टातला पुरावा

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं फ्लिंट शहर कर्जात बुडालं होतं. कारभार राज्याने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या हाती होता. पैसे वाचवायचे म्हणून २५ एप्रिल २०१४ रोजी डेट्रॉइटचं विकतचं पाणी बंद झालं आणि नळांना फ्लिंट नदीचं पाणी आलं. हे पाणी पाइप खाणारं, तरी त्यात गंजरोधक मिसळलं नाही. शिशाचे जुने पाइप झिजून त्यांतलं शिसं घरोघरच्या पाण्यात उतरू लागलं.

ऑक्टोबर २०१४ मध्ये जनरल मोटर्सने आपल्या इंजिन कारखान्यात ते पाणी वापरणं थांबवलं, कारण यंत्रांचे भाग गंजत होते. कारखान्याची दुसऱ्या पाण्याची सोय झाली. मुलं मात्र तेच पाणी आणखी वर्षभर पीत राहिली. या प्रकरणातली सर्वांत संतापजनक गोष्ट मला हीच वाटते.

सप्टेंबर २०१५ मध्ये बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हॅना-अटिशा यांनी रक्ततपासण्यांचे आकडे मांडले. पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये रक्तात जास्त शिसं असणाऱ्यांचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं होतं. राज्य सरकारने आधी त्यांच्यावरच टीका केली. १६ ऑक्टोबरला डेट्रॉइटचं पाणी परत सुरू झालं.

शरीर शिशाला कॅल्शियमसारखं वागवतं. रक्तातलं प्रमाण महिन्याभरात निम्म्यावर येतं. हाडांत गेलेलं शिसं मात्र कित्येक वर्षं तिथेच राहतं. लहान मुलांच्या मेंदूला झालेली इजा भरून येत नाही, आणि ती कळते कधी, तर मूल शाळेत मागे पडू लागल्यावर. तोवर रक्तातला पुरावा ओसरलेला असतो.

कोर्टात भरपाईच्या वेळी नेमकी हीच अडचण आली. ‘सरकारी अधिकाऱ्यांवर दावा चालत नाही’ हा बचाव २०१९ मध्ये संघीय अपील न्यायालयाने मानला नाही. लोकांच्या शरीरावरच्या हक्काचा भंग झाल्याचा दावा पुढे चालू दिला. नोव्हेंबर २०२१ मध्ये सुमारे ६२.६ कोटी डॉलरच्या तडजोडीला मंजुरी मिळाली. त्यातला जवळपास ८० टक्के वाटा ते पाणी प्यायले तेव्हा अल्पवयीन असलेल्यांसाठी राखला गेला. पण जास्त रकमेच्या टप्प्यातली भरपाई हवी तर रक्ताचा किंवा हाडांचा अहवाल, नाहीतर मेंदूवरच्या परिणामाची तपासणी दाखवणं भाग होतं. अधिकाऱ्यांवरचे फौजदारी खटले वेगळे. आरोप ठेवण्याची पद्धतच मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बेकायदा ठरवली, आणि २०२३ मध्ये ते खटले संपले.