उमेद संपलीय की विश्वास डळमळलाय?

नोकरी गेल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात मला आणि खानापूरच्या माझ्या मावसबहिणीला जो भेटेल तो एकच सांगायचा, "धीर सोडू नको, कॉन्फिडन्स ठेव." मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, क्वालिटीला नऊ वर्षं होतो. ऑर्डरी घटल्या आणि आम्हा काही जणांना घरी बसावं लागलं. ती बी.कॉम. झाल्यापासून दोन वर्षं अर्ज करत होती. सांगणाऱ्यांची तळमळ खरी होती. पण आमची दुखणी वेगळी होती, आणि एका औषधाने दोघांनाही गुण येत नव्हता. हे माझ्या लक्षात यायला आठ महिने गेले. तुमचे तेवढे जाऊ नयेत, म्हणून लिहितोय.

नोकरी मागणाऱ्याला आपण उमेदवार म्हणतो. शब्द फारसीतून आलेला. उमेद म्हणजे आशा, ती बाळगणारा तो उमेदवार. आत्मविश्वास ही निराळी गोष्ट. 'हे काम मला जमेल' ही खात्री म्हणजे आत्मविश्वास, आणि 'आज उठून हे केलं तर त्याचा काही उपयोग होईल' असं वाटणं म्हणजे उमेद. यातलं काहीही गेलं तरी माणूस बाहेरून सारखाच दिसतो. अर्ज पडून राहतात, फोन वाजून बंद होतो, लग्नकार्याला जायचं टाळलं जातं. घरच्यांना फरक कळत नाही यात त्यांचा दोष नाही. ज्याचं त्यालाही तो चटकन कळत नाही.

बहिणीची उमेद दांडगी होती. रोज रात्री जाहिराती बघायची, अर्ज पाठवायची, सकाळच्या बसने बेळगावला यायची. पण मुलाखतीला बसली की घशाला कोरड पडायची. समोरचा कन्नडमध्ये बोलू लागला की टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे येत असलेले प्रश्नसुद्धा चुकायचे. तिला "आशा सोडू नको" म्हणणं म्हणजे चालत्या माणसाला "चाल" म्हणण्यासारखं होतं. आशा तिने सोडलीच नव्हती. तिला खात्री हवी होती, आणि खात्री नुसत्या शब्दांनी येत नाही.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा यांनी १९७७ साली ही गोष्ट नीट मांडली. एखादं काम आपल्याला जमेल हा विश्वास चार वाटांनी येतो, असं त्यांचं म्हणणं. आपण स्वतः ते काम करून पाहिलेलं असतं, आपल्यासारख्याच कुणाला ते जमलेलं आपण पाहतो, कुणी तरी भरवसा देतं, आणि त्या वेळची आपल्या शरीराची व मनाची अवस्था. यात सगळ्यात भक्कम पहिली वाट. आपल्याकडे मात्र सगळा भर तिसरीवर असतो, पाठीवर हात ठेवून "तुला जमेल" म्हणण्यावर. तो हात हवाच, पण मुलाखतीच्या खोलीत तो बरोबर येत नाही.

मग आम्ही पहिली वाट धरली. शेजारच्या कन्नड काकूंकडे ती रोज संध्याकाळी अर्धा तास बसू लागली. "नन्न हेसरु" पासून सुरुवात. स्वतःबद्दल दोन मिनिटं, मग शिकलेल्या कामाबद्दल दोन मिनिटं, एवढंच, पण रोज. मी टेबलापलीकडे बसून मुद्दाम आडवे प्रश्न विचारायचो. ती एका वहीत लिहायची, आज कुठे अडले आणि कुठे नाही. तीन आठवड्यांनी त्या वहीची पानं उलटताना तिचा चेहरा मी पाहिलाय. इतक्या लोकांनी दोन वर्षं दिलेल्या दिलाशाने जे झालं नव्हतं, ते तिच्याच अक्षरातल्या त्या पानांनी केलं.

विश्वास कामागणिक वेगळा असतो, हेही ध्यानात घ्यावं. आमच्या गावाकडची पोरं सैन्यभरतीसाठी पहाटे अंधारात पळतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच, त्यामुळे हे स्वप्न इथल्या घराघरात आहे. १६०० मीटरची वेळ रोज घड्याळावर लावणाऱ्या पोराला पळण्याची पक्की खात्री असते, आणि तोच पोरगा लेखी परीक्षेच्या नावाने गार पडतो. त्याला 'आत्मविश्वास नाही' म्हणणं चूक आहे. जिथे त्याचा सराव नाही, तिथली खात्री त्याच्यापाशी नाही, इतकंच.

माझं नेमकं उलटं होतं. मायक्रोमीटर हातात द्या, ड्रॉइंग समोर ठेवा, कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, पास की रिजेक्ट हे मी तेव्हाही सांगू शकलो असतो. शंका माझ्या कसबाची नव्हती. उठून करायचं काय, हेच कळत नव्हतं. नऊला उठायचं, मोबाइल बघायचा, जेवायचं, पुन्हा आडवं व्हायचं. दुपारी चारला वाटायचं, आता आजचा दिवस गेलाच.

ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल गावात १९३० च्या सुमारास कापडाची गिरणी बंद पडली आणि जवळपास सगळं गाव बेकार झालं. मारी याहोडा आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथे जाऊन जे टिपलं, ते वाचताना मला माझाच दिवस दिसला. हातात वेळच वेळ असताना गावच्या वाचनालयातून नेली जाणारी पुस्तकं मात्र घटली. पुरुषांची चाल मंदावली, रस्त्यात ते पुन्हा पुन्हा थांबू लागले. दिवसभर काय केलं ते त्यांना सांगता येईना. बायकांच्या मागे घरकाम होतं, म्हणून त्यांचा दिवस त्यामानाने बांधलेला राहिला. पगाराबरोबर दिवसाचा आकारही जातो, आणि त्या आकाराबरोबर उमेद जाते.

अशा माणसाला सराव देऊन उपयोग नाही, त्याला ठरलेली वेळ द्यावी लागते. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी दाखवलं की 'प्रयत्न करीन' यापेक्षा 'अमुक वेळ झाली की अमुक ठिकाणी अमुक करीन' असं ठरवलं तर ते हातून होण्याची शक्यता बरीच वाढते. मी ठरवलं, मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दहाला मच्छे किंवा होनग्याच्या औद्योगिक वसाहतीत जायचं आणि पाच गेटवर बायोडेटा द्यायचा. किती ठिकाणांहून बोलावणं आलं हे मोजायचं नाही, कारण ते माझ्या हातात नाही. किती गेट झाले तेवढंच लिहायचं.

दुसरं म्हणजे माणसं. उमेद गेलेला माणूस सगळ्यात आधी माणसं टाळतो, आणि कामाची खबर तर माणसांकडूनच येते. तीही जवळच्यांकडून क्वचित. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोवेटर यांनी १९७३ च्या आपल्या लेखात दाखवलं, की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्के लोकांना ती खबर नेहमी भेटणाऱ्याकडून मिळाली होती. बाकीच्यांना अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून. कारण साधं आहे. घरच्यांना जे ठाऊक असतं ते आपल्यालाही ठाऊक असतंच.

तुमचं दुखणं कोणतं ते ओळखायला मी एक प्रश्न विचारतो. आत्ता फोन आला, 'उद्या दहाला मुलाखतीला या'. पहिल्यांदा मनात काय येतं? पोटात गोळा आला, तर विश्वास डळमळलाय. "जाऊन तरी काय होणार" असं आलं, तर उमेद आटलीय. दोन्ही एकदम आलं तर आधी उमेदीकडे बघा. अंथरुणातून उठल्याशिवाय सराव कसा होणार? आणि कुठलंही एकच पुरत नाही. नोकरी शोधणाऱ्यांना मदत करणाऱ्या ४७ उपक्रमांचा एकत्रित अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात नोकरी शोधण्याचं कसब आणि उमेद ही दोन्ही वाढवणारे उपक्रमच परिणामकारक दिसले.

आपल्या सीमाभागात आणखी एक घोटाळा होतो. दार बंद असतं आणि आपण स्वतःला नालायक ठरवतो. कर्नाटक लोकसेवा आयोगाच्या परीक्षांना कन्नडचा सक्तीचा पेपर असतो. तो राहिला म्हणून नाव गेलं, तर ते तुमच्या बुद्धीबद्दल काही सांगत नाही. तो पेपर पास करायचा असतो, बस्स. तिकडे महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषिकांना तिथल्या शासकीय भरतीत अर्ज करता येतो, त्यासाठी १५ वर्षांच्या वास्तव्याचा विहित नमुन्यातला दाखला लागतो. तो वेळेत काढून ठेवला नाही म्हणून संधी हुकलेली मुलं मी पाहिलीत. त्यांच्यात ना उमेद कमी होती, ना विश्वास. कागद कमी होता.

आणि कित्येक दिवस झोप नाही, जेवण जात नाही, जगणंच नको वाटतं असं असेल, तर हा लेख बाजूला ठेवा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो. तिथे मराठीतही बोलता येतं, कन्नडमध्येही.

मला कामाची खबर दिली ती आमच्या जुन्या कारखान्यातून कास्टिंग भरून नेणाऱ्या एका ट्रकचालकाने. होनग्याच्या गेटवर सहा महिन्यांनी भेट झाली होती. आता मी कागलच्या वसाहतीत आहे, शनिवारी घरी येतो. बहिणीला त्यानंतरच्या मुलाखतीत विचारलं, "कन्नड बरुत्ता?" ती म्हणाली, "स्वल्प बरुत्ते, कलियुत्तिद्देने." थोडं येतं, शिकतेय. ती जागा तिला मिळाली नाही. बसस्टँडवरूनच तिने मला फोन केला. एरवी अशा फोनवर आधी रडणं ऐकू यायचं. या वेळी म्हणाली, "दादा, जीएसटीच्या एका प्रश्नाला अडले. रविवारी तेवढा घे."