एक चमचा साखर आणि काचेपलीकडचं ऊन

निरोगी मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. सकाळी उपाशीपोटी त्या सगळ्या रक्तात मिळून साखर असते जेमतेम साडेचार ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा. हा हिशेब मी पहिल्यांदा केला तेव्हा कुठेतरी दशांशचिन्ह चुकलं असं वाटून पुन्हा मांडला. पण तो बरोबरच होता: १०० मिलिलिटरला ९० मिलिग्रॅम, गुणिले पन्नास.

३३० मिलिलिटरच्या कोलाच्या कॅनमध्ये ३५ ग्रॅमच्या आसपास साखर असते. ती पाच मिनिटांत घशाखाली उतरते. तरी रक्तातली साखर काही आठपट होत नाही, कारण स्वादुपिंड लगेच इन्शुलिन सोडतं आणि स्नायू, यकृत साखर उचलायला लागतात. शिवाय आपली नेहमीची साखर म्हणजे निम्मं ग्लुकोज, निम्मं फ्रुक्टोज. यातलं फ्रुक्टोज मुख्यतः यकृताला निस्तरावं लागतं. थोडं थोडं आलं तर ते निभावून नेतं. रोजच लोंढा आला की मात्र त्याची चरबी होऊ लागते, आणि ती यकृतातही साठते.

म्हणून किती साखर खाल्ली याइतकंच ती कशी आली हेही बघावं लागतं. आख्खं संत्रं चावून खाल्लं तर त्यातला चोथा साखर शोषली जाण्याचा वेग कमी करतो आणि पोटही भरतं. ग्लासभर रसासाठी अशी तीन-चार संत्री लागतात, चोथा बहुतेक बाजूला राहतो आणि तहान तेवढी भागते. माझ्या टेबलावर आत्ता रसाचं एक खोकं आहे. पुढच्या बाजूला ठसठशीत अक्षरांत ‘साखर घातलेली नाही’. मागे, बारीक छपाईत, १०० मिलिलिटरला १० ग्रॅम. दोन्ही विधानं खरीच आहेत! जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली मर्यादा घालून दिली, तेव्हा वरून घातलेल्या साखरेबरोबर मध आणि फळांचे रसही मोजणीत धरले. अशा साखरेतून दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी ऊर्जा यावी, आणि ५ टक्क्यांच्या आत राहिली तर आणखी बरं. पाच टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम. खोक्यातला एक मोठा ग्लास प्यायला की तेवढे भरले.

दातांचं गणित आणखी वेगळं. तोंडातले जिवाणू साखरेपासून आम्ल बनवतात आणि पुढचा अर्धा-पाऊण तास दातांचं कवच त्या आम्लाचा मारा सोसतं. मग लाळ झीज भरून काढायला लागते. एक गोड पेय दुपारभर घोट घोट पुरवून पिणाऱ्याचे दात त्यामुळे दुपारभर आम्लातच राहतात.

उन्हाचंही असंच, नुसत्या तासांवर काही ठरत नाही. त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होतं ते सूर्यप्रकाशातल्या अतिनील-बी किरणांमुळे, आणि खिडकीची साधी काच नेमके हेच किरण अडवते. अतिनील-ए मात्र बरेचसे आत येतात. म्हणजे बंद खिडकीपाशी उन्हात तासन्‌तास बसणाऱ्याला ऊब मिळते, थोड्याफार सुरकुत्याही मिळतात, ड जीवनसत्त्व जवळपास नाहीच. (हे मी बंद खिडकीशी बसूनच लिहितोय.) कोवळ्या उन्हाचा महिमाही थोडा तपासून घ्यायला हवा. सूर्य क्षितिजालगत असताना किरणांना वातावरणातून तिरपी, लांबची वाट कापावी लागते आणि वाटेतला ओझोन अतिनील-बी गिळून टाकतो. ढोबळ खूण आपल्या पायाशीच असते: सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल तर ड जीवनसत्त्व फारसं बनत नाही.

१९१९ साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की या डॉक्टरांनी मुडदूस (ड जीवनसत्त्वाच्या अभावाने हाडं मऊ, वाकडी होण्याचा आजार) झालेल्या मुलांना क्वार्ट्झच्या दिव्याखाली ठेवलं. साध्या काचेऐवजी क्वार्ट्झ, कारण त्यातून अतिनील किरण पार होतात. मुलांची हाडं सुधारली. उजेड फक्त एका हातावर पाडला तरी दुसऱ्या हाताचं हाडही भरून येतं, असं त्यांना दिसलं. याचा अर्थ त्वचेत बनणारं काहीतरी रक्तातून सगळीकडे पोचत होतं.

मग जास्त ऊन घेतलं तर जास्त फायदा? नाही. ठरावीक मर्यादेनंतर ऊनच त्वचेत तयार होऊ घातलेला माल मोडून निरुपयोगी रेणूंमध्ये बदलतं. पुढच्या उन्हात फक्त त्वचा भाजते, आणि कर्करोगाचा धोका वाढतो. गडद त्वचेला मेलॅनिन या रंगद्रव्याचं संरक्षण असतं, त्यामुळे तेवढंच जीवनसत्त्व बनायला तिला ऊन अधिक वेळ लागतं.

ड जीवनसत्त्वाच्या गोळ्यांकडून मधुमेह रोखण्याचीही आशा होती. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या २,४२३ जणांपैकी निम्म्यांना रोज ४,००० युनिट दिली गेली. दोन गटांत ठोस म्हणावा असा फरक निघाला नाही.

ऊन आणि साखर यांची खरी गाठ पडते डोळ्यांतून. दृष्टिपटलातल्या काही पेशी चित्र बघण्यापेक्षा उजेड मोजण्याचं काम करतात आणि मेंदूतल्या घड्याळाला वेळ कळवतात. घरातला दिवा त्यांना फार तर काहीशे लक्स (उजेड मोजण्याचं एकक) देतो, भर दुपारचं ऊन लाखाच्या घरात. दिवसाच्या उजेडाने लावलेलं हे घड्याळ रात्री मेलाटोनिन हे झोपेची चाहूल देणारं संप्रेरक सोडायला लावतं, आणि मेलाटोनिन वाढलं की स्वादुपिंड इन्शुलिन सोडताना हात आखडतं. टेबलावरचं ते खोकं सकाळी नऊला प्यायलं काय आणि रात्री अकराला प्यायलं काय, लेबलावर आकडा तोच राहतो, पण रात्री रक्तातली साखर जास्त चढते आणि उतरायला जास्त वेळ घेते.