पायाआधी सॉकेट

मेंदूच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या कृत्रिम पायाचे व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून फिरत असतात. मधुमेहाने किंवा मोटरसायकलच्या अपघाताने ज्या घरात नुकताच कोणाचा पाय कापावा लागलाय, तिथे तर ते हमखास पोचतात. मग विचारणा सुरू होते: जयपूर फूट घ्यावा की जर्मन? कार्बनचा किती वर्षं टिकतो? हप्त्यावर मिळेल का? या सगळ्यात सॉकेटचं नाव कोणी काढत नाही. सॉकेट म्हणजे वरचा पोकळ भाग, ज्यात उरलेला पाय, म्हणजे स्टंप, बसतो. पाऊल लाखाचं घेतलं आणि सॉकेट चुकलं, तर आठ दिवसांत फोड येतो आणि पाय दाराआड उभा राहतो.

गुडघ्याखाली कापलेल्या पायाचंच उदाहरण घेऊ. तळपायाची कातडी जाड असते, खाली चरबीची गादी असते. स्टंपच्या टोकाला यातलं काही नाही. कापलेलं हाड आणि त्यावर ओढून शिवलेलं मांस. ६० किलोच्या माणसाने त्या टोकावर भार दिला आणि ते टोक १० चौरस सेंटीमीटर धरलं, तर दर चौरस सेंटीमीटरवर ६ किलो येतात. तेच वजन स्टंपच्या बाजूंवर मिळून ३०० चौरस सेंटीमीटरवर पसरलं, तर २०० ग्रॅम. हिशोब ढोबळ आहे, पण सॉकेट करणाऱ्याचं सगळं कसब यातच आहे.

बरं, सगळीकडे सारखं पसरूनही भागत नाही. गुडघ्याच्या वाटीखालचा जाड पट्टा, नडगीच्या आतल्या बाजूचा उतार आणि पोटरीचं मांस दाब सोसतात. नडगीची पुढची धार, हाडाचं टोक आणि गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला हाताला लागणारं हाडाचं बोंड सोसत नाहीत. त्या बोंडाला वळसा घालून एक नस जाते. तिथे दाबलं की मुंग्या येतात. १९५० च्या दशकाअखेरीस अमेरिकेत बर्कलीला हे सगळं धरून 'पीटीबी' (पटेलर टेंडन बेअरिंग, म्हणजे वाटीखालच्या पट्ट्यावर भार घेणारं) सॉकेट तयार झालं, आणि त्याचं तत्त्व आजही चालतं.

माप घेताना स्टंपवर पातळ मोजा चढवून हाडाचे उंचवटे कॉपिंग पेन्सिलने (ओल लागली की रंग सोडणाऱ्या पेन्सिलने) आखतात. वर प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळतात. सुकल्यावर ते कवच उतरवून त्यात प्लास्टर ओतलं की स्टंपची प्रतिकृती मिळते आणि पेन्सिलच्या खुणा तिच्यावर उमटलेल्या असतात. खरं काम इथून पुढे. जिथे भार घ्यायचाय तिथे प्रतिकृती कानशीने घासून खोलगट करतात, आणि जिथे दाब नको तिथे काही मिलिमीटर प्लास्टर चढवतात. घासलेल्या जागी सॉकेट आवळ होतं, चढवलेल्या जागी सैल. मग तापवलेलं प्लास्टिक त्यावर ओढून बसवतात. आधी पारदर्शक प्लास्टिकचं चाचणी सॉकेट करून मिळत असेल तर अवश्य मागा. त्यातून कातडी कुठे पांढरी पडते ते उभं राहिल्यावर सरळ दिसतं.

आता जरा रक्ताकडे वळू. केशवाहिन्यांमधला दाब साधारण ३२ मिलिमीटर पारा, म्हणजे चौरस सेंटीमीटरला ४० ते ४५ ग्रॅम. आपलं उत्तम सॉकेटसुद्धा २०० ग्रॅम देतंय! म्हणजे भार असेपर्यंत त्या जागी रक्त जवळजवळ थांबतं. तरी कातडी जगते, कारण चालताना प्रत्येक पाय पावलाच्या सुमारे ६० टक्के वेळ जमिनीवर असतो आणि उरलेले ४० टक्के हवेत. त्या ४० टक्क्यांत रक्त परत भरतं. म्हणून सलग उभं राहणं चालण्यापेक्षा बाधू शकतं. त्र्यंबकेश्वरच्या दर्शनरांगेत किंवा सिंहस्थाच्या गर्दीत दोन तास खोळंबायचं असेल, तर दर दोन-चार मिनिटांनी भार दुसऱ्या पायावर न्यावा आणि बसायला मिळेल तिथे बसावं.

याची उलट बाजूही आहे. सॉकेटच्या तळाशी स्टंप टेकत नसेल तर पाय उचलताना त्या पोकळीत ओढ निर्माण होते आणि टोकाकडे पाणी साठतं. टोक सुजतं, काळपट पडतं आणि महिनोन्‌महिने तसंच चाललं तर तिथली कातडी मस्सेदार, खडबडीत होते. अनेकजण त्याला नायटा समजून मलम चोळत बसतात. तपासायची पद्धत सोपी आहे: वाटाण्याएवढी मऊ माती सॉकेटच्या तळाशी ठेवायची, पाय चढवून उभं राहायचं, काढून बघायचं. गोळी तशीच असेल तर खाली पोकळी आहे. पार चपटी होऊन कागदासारखी झाली तर हाड तळाला आपटतंय.

सॉकेट एकदा जमलं म्हणजे जमलं असंही नाही, कारण स्टंप आटतो. ऑपरेशननंतर सूज उतरते, न वापरलेले स्नायू बारीक होतात, आणि हे वर्ष-दीड वर्ष चालू राहतं. दिवसाच्या दिवसातही फरक पडतो. सकाळी घट्ट बसलेला पाय दुपारी सैल होतो. त्यावर उपाय मोज्यांचा. ते १, ३ आणि ५ प्लायचे मिळतात; प्लाय म्हणजे मोज्याच्या जाडीचं माप. वाटीच्या खालच्या टोकाशी आणि स्टंपच्या टोकाला दुखतंय, पाय आखूड वाटतोय, तर स्टंप आत घसरलाय. १ प्लाय वाढवा. पाय लांब वाटतोय, पूर्ण आत जातच नाही, तर एक कमी करा. जाड मोजा जास्तीचा घालून पिशवीत पातळ न ठेवणं ही नेहमीची चूक. बेरीज १० ते १२ प्लायच्या पुढे गेली की मोजे वाढवणं थांबवून नवीन सॉकेटचं माप द्यायचं.

नवा पाय पहिल्या दिवशी अर्धा तास घालून काढायचा. कातडी लाल झाली असेल तर घड्याळ लावा. १५-२० मिनिटांत लाली गेली तर ठीक. राहिली, किंवा बोंडावर वा धारेवर असली, तर पाय घेऊन केंद्रावर जायचं. घरी सॉकेट तापवून ठोकायचं नाही. मधुमेहात संवेदना कमी असते, दुखणं हा इशारा मिळतच नाही. म्हणून रोज रात्री आरशात स्टंपचा खालचा भाग बघायलाच हवा. सिलिकॉनचा लायनर, म्हणजे सॉकेटच्या आत स्टंपवर चढवायचं मऊ आवरण, घामाला वाट देत नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी एकदा काढून पुसावा, रात्री सौम्य साबणाने धुवावा आणि चढवताना तळाशी हवेचा फुगा राहू देऊ नये. गुडघ्याखाली उशी ठेवून झोपण्याची सवय मात्र मोडा. गुडघा वाकलेल्या अवस्थेत आखडला की कोणतंही सॉकेट जमत नाही.

नसलेली बोटं दुखतात, हे खरं दुखणं आहे. मेंदूतला त्या पायाचा नकाशा पुसला गेलेला नसतो. "कापलेला पाय वाकडा पुरला, उकरून सरळ करा" असं सांगणारेही भेटतात. त्यांना चहा पाजून वाटेला लावावं.

आता पावलाबद्दल. १९६८ साली जयपूरला रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद सेठी यांनी घडवलेलं रबरी पाऊल अनवाणी चालतं, चिखलात चालतं, उकिडवं बसू देतं. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागेत काम करणाऱ्याला त्यात काहीच उणं नाही. कार्बनची बरीच पावलं ठरावीक टाचेच्या बुटाला धरून जुळवलेली असतात. तोच बूट काळाराम मंदिराबाहेर काढला की पावलावरची नळी मागे कलते आणि गुडघा मागे ढकलला जातो, सतत चढावर चालल्यासारखं होतं. उंच टाचेची चप्पल घातली तर उलट, गुडघा पुढे दुमडतो. म्हणून जुळवणीच्या दिवशी रोजची चप्पल-बूट बरोबर न्यावी. गोदाघाटावर उतरताना आधी कृत्रिम पाय, चढताना आधी चांगला.

शिबिरांबद्दल एक तक्रार आहे. सकाळी माप, संध्याकाळी पाय आणि मधे सत्काराचे फोटो. पाय मिळतो, पण तीन महिन्यांनी स्टंप आटल्यावर जायचं कुठे? मोफत असो वा पैसे मोजून, आधी दोन गोष्टी विचारा. पहिल्या वर्षात दुरुस्तीला किती वेळा येता येईल? आणि स्टंप आटल्यावर नुसतं सॉकेट बदलून मिळेल, की पूर्ण पाय नव्याने घ्यावा लागेल?