कॅरॅव्हॅन ओढण्यासाठी फोर-व्हील ड्राइव्ह वाहनातील फेरबदल

राहण्याची सोय असलेला ट्रेलर, म्हणजेच कॅरॅव्हॅन, लांब पल्ल्यावर व कच्च्या रस्त्यावर ओढता यावी म्हणून चारही चाकांना शक्ती पुरवणाऱ्या वाहनाच्या जोडणीत, स्प्रिंगांत, ब्रेकमध्ये, शीतनात व विद्युत् मंडलात केले जाणारे बदल. ही प्रथा ऑस्ट्रेलियात सर्वांत रुजलेली आहे. उत्तर अमेरिकेत ओढण्याचे काम मुख्यतः पिकअप ट्रककडे असते. यूरोपात कॅरॅव्हॅन हलक्या असल्याने साधी मोटारगाडीही पुरते, आणि फेरबदल सहसा टो-बारपाशीच (ट्रेलर जोडण्याच्या मागच्या दांड्यापाशीच) संपतात.

उत्पत्ती : ‘कॅरॅव्हॅन’ हा शब्द फार्सी ‘कारवान’वरून आला. मराठी वाचकाला ‘कारवाँ’ या रूपात तो परिचित आहे. तांड्याचा वाचक असलेला हा शब्द इंग्रजीत आधी झाकलेल्या गाडीला व मग चाकांवरच्या घराला लागला, आणि त्याचेच शेपूट तोडून ‘व्हॅन’ तयार झाला. हौशी प्रवासासाठी मुद्दाम बांधलेली पहिली कॅरॅव्हॅन म्हणून विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांच्या ‘वाँडरर’चा उल्लेख करतात. ती 1885 च्या सुमारास ब्रिस्टलमध्ये बांधली गेली आणि घोडे ती ओढत. मोटारीमागे जोडण्याच्या कॅरॅव्हॅनचे व्यापारी उत्पादन बर्मिंगहॅमच्या एकल्स या कंपनीने 1919 मध्ये सुरू केले असे सामान्यतः मानतात. घरगुती बनावटीचे नमुने त्याआधीही रस्त्यावर असणे शक्य आहे.

चारही चाके फिरवणारे पहिले वाहन कोणते, याबद्दल एकमत नाही. ब्रिटिश अभियंते ब्रामा जोसेफ डिप्लॉक यांनी 1893 मध्ये वाफेच्या ओढयंत्रासाठी अशा रचनेचे एकस्व (पेटंट) घेतले. फेर्डिनांट पोर्शे यांनी 1900 च्या सुमारास चारही चाकांच्या तुंब्यांत विद्युत् चलित्रे बसवलेली गाडी केली. ‘चारही चाकांना शक्ती’ एवढाच निकष लावला तर तिचा दावा भक्कम आहे. परंतु एका अंतर्ज्वलन इंजिनाची शक्ती दांडे व दंतचक्रे यांच्या द्वारे दोन्ही अक्षांना वाटून देणे ही आजची व्याख्या धरली, तर नेदर्लंड्सची स्पायकर 60 अश्वशक्तीची गाडी पुढे येते. तिचे वर्ष कोठे 1902, तर कोठे 1903 दिलेले आढळते. ती लोकांसमोर 1903 मध्ये आली असल्याने तेच वर्ष धरणे सयुक्तिक वाटते. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधील क्लिंटनव्हिल येथे ऑटो झाकाव व विल्यम बेसरडिक यांनी 1908 च्या आसपास असे वाहन सिद्ध केले. तेथील कंपनीचे ट्रक पहिल्या महायुद्धात वापरले गेले. पोर्शे यांच्या गाडीचा वारसा मात्र आजच्या विद्युत् वाहनांकडेच जातो. प्रस्तुत विषयाशी तिचा संबंध नावापुरता आहे.

कॅरॅव्हॅन ओढणाऱ्या आजच्या वाहनांची खरी वंशावळ जीप (1941) व लँड रोव्हर (1948) यांच्यापासून सुरू होते. ऑस्ट्रेलियात टोयोटा लँड क्रूझर 1950 च्या दशकाच्या अखेरीस स्नोई पर्वतातील जलविद्युत् योजनेच्या कामासाठी थीस या बांधकाम कंपनीने आणली. शेत, खाण व बांधकाम येथे राबणारी ही गाडी कुटुंबाच्या सहलीकडे केव्हा वळली याची एकच तारीख देता येत नाही. बदल हळूहळू झाला.

वजनाच्या मर्यादा : फेरबदलांचा विचार येथूनच करावा लागतो. वाहनाच्या स्वतःच्या भरलेल्या वजनाची कमाल मर्यादा म्हणजे जीव्हीएम. टो-बॉलवर (टो-बारवरच्या जोडणीच्या गोळ्यावर) ट्रेलरच्या नाकाचा जो भार येतो तो तीतच मोजतात. वाहन व ट्रेलर मिळून होणाऱ्या वजनाची मर्यादा जीसीएम. ट्रेलर सुटा उभा असताना त्याचे भरलेले वजन जेवढे असू शकते ती मर्यादा एटीएम (बँकेच्या यंत्राशी तिचा संबंध नाही), आणि जोडलेल्या अवस्थेत केवळ ट्रेलरच्या चाकांवर पडणाऱ्या वजनाची मर्यादा जीटीएम. जाहिरातीत ठळक छापला जाणारा ‘ओढक्षमता 3,500 किग्रॅ.’ हा आकडा या सर्वांच्या कात्रीत सापडलेला असतो.

उदाहरणार्थ, एखाद्या गाडीचा जीव्हीएम 3,200 व जीसीएम 6,700 किग्रॅ. असून भरल्या टाकीसह रिकामी गाडी 2,550 किग्रॅ. भरते असे समजू. तिला 3,500 किग्रॅ.ची कॅरॅव्हॅन जोडून बॉलवर 350 किग्रॅ. भार आला, की उरतात 300 किग्रॅ. पुढचा पोलादी बुलबार (धडकेपासून वाचवणारी चौकट) 70, मागचे कप्पे व दुसरी बॅटरी 90, छतावरचा रॅक 30 असे धरले तर शिल्लक 110 किग्रॅ. राहते. चालक आणि त्याच्या शेजारी बसणारा चढले की हिशेब संपला. मागच्या आसनावरच्या मुलांना जागा आहे, वजन नाही. गाडी ‘सुसज्ज’ करण्यासाठी बसवलेली साधनेच तिची क्षमता खाऊन टाकतात, आणि पुष्कळ मालकांना हे वजनकाट्यावर गेल्यावर कळते.

यावर उपाय म्हणून जीव्हीएम वाढवून घेतात. त्यासाठी जड स्प्रिंगा, आघातशोषक व गरजेनुसार इतर भाग बदलून नवी मर्यादा प्रमाणित करावी लागते. ऑस्ट्रेलियात वाहन पहिल्यांदा वितरित होण्यापूर्वी हे काम केले तर ते केंद्रीय कायद्याखाली ‘उत्पादनाचा दुसरा टप्पा’ ठरते. नोंदणीनंतर केले तर त्या त्या राज्याचे नियम व मान्यताप्राप्त अभियंत्याचा दाखला लागतो. पण जीव्हीएम वाढला म्हणजे जीसीएम वाढला असे नाही. वरच्या गाडीचा जीव्हीएम 3,800 वर नेला आणि ती पूर्ण भरली, तर ट्रेलरच्या चाकांसाठी 2,900 किग्रॅ.च उरतात, बॉलवरचे 350 मिळवले तरी 3,250 किग्रॅ.पेक्षा जड कॅरॅव्हॅन जोडता येत नाही. गाडीत जेवढे जास्त भरावे तेवढी ओढ कमी होते. जीसीएमही वाढवून देण्याच्या योजना बाजारात आहेत. मात्र ही मर्यादा इंजिन, गीअरपेटी, अक्ष, चासी, शीतन व ब्रेक या सर्वांवर अवलंबून असल्याने केवळ स्प्रिंगा बदलून ती वाढते असे मानणे धाडसाचे आहे.

मागचा अक्ष, पाटे व हवेच्या फुग्या : बॉल मागच्या अक्षाच्या मागे असल्याने गाडी तरफेसारखी वागते. दोन अक्षांतील अंतर 2.8 मी. व अक्षापासून बॉल 1.2 मी. मागे असेल, तर बॉलवरच्या 350 किग्रॅ.मुळे मागच्या अक्षावर 500 किग्रॅ. वाढतात आणि पुढच्या अक्षावरचे 150 किग्रॅ. उचलले जातात. सुकाणू हलके होते, पुढच्या ब्रेकची पकड घटते, दिव्यांचा झोत आकाशाकडे जातो. म्हणून एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा अक्ष मर्यादेबाहेर जाऊ शकतो.

मागची बाजू दबू नये म्हणून स्प्रिंगांच्या जोडीला हवेच्या फुग्या बसवणे हा स्वस्त व लोकप्रिय मार्ग आहे. वळ्यांच्या स्प्रिंगेत फुगी आत बसते आणि भार चासीवर मूळच्याच जागी पडतो. तेथे फारसा प्रश्न येत नाही. पाट्यांच्या स्प्रिंगेत मात्र गोष्ट वेगळी आहे. पाटे आपला भार पुढच्या व मागच्या अशा दोन टोकांच्या आधारांतून चासीला देतात. मध्ये फुगी घातली की भाराचा मोठा हिस्सा बरोबर अक्षाच्या वर, एका बिंदूत येतो. त्यामागे लांब लोंबणारा मालवाहू हौदा, त्याच्याही मागे बॉलभार, आणि खाली खड्ड्यांचा रस्ता. दोन दारांच्या जोड्या असलेल्या पिकअपांच्या चासी हौद्याच्या पुढच्या कडेजवळ वाकल्याच्या घटनांत हे चित्र वारंवार दिसते. दोष फुगीचा की जादा वजनाचा, यावर वाद आहे. वजन मर्यादेत असलेल्या गाडीत फुगी एकटी चासी मोडत नाही असे विक्रेते म्हणतात, आणि ते सर्वस्वी चूक नाही. पण फुगी गाडी समतल दाखवून जादा वजनाची दृश्य खूणच पुसते. त्यामुळे पाट्यांच्या गाडीला भारानुसार निवडलेले नवे पाटे देणे अधिक योग्य.

भारवितरक जोडणी वेगळ्या रीतीने काम करते. ताणलेल्या दांड्या जोडणीच्या ठिकाणी परिबल (फिरवणारा जोर) निर्माण करून भाराचा काही अंश पुढच्या अक्षावर व काही ट्रेलरच्या अक्षावर परत ढकलतात. गाडीची पुढची बाजू मूळ उंचीवर पूर्णपणे आणावी असा सल्ला पूर्वी सर्रास दिला जाई. आता गमावलेल्या भारापैकी निम्म्याच्या आसपास परत आणणे पुरेसे मानतात, कारण अतिताणलेल्या दांड्यांमुळे मागच्या चाकांवरचा भार घटून वळणावर गाडीचे शेपूट निसटण्याचा कल वाढतो. खोल ओहोळ ओलांडताना दांड्या सोडवणे आवश्यक असते. काही निर्माते, विशेषतः हवाई निलंबन असलेल्या गाड्यांचे, अशी जोडणी वापरू नये असे सांगतात.

डोलणे : वेग वाढत जातो तसे ट्रेलरच्या आडव्या आंदोलनांचे संदमन (ती आपोआप शमण्याची क्रिया) घटत जाते. एका क्रांतिक वेगाला ते शून्य होते, आणि त्यापुढे वाऱ्याचा झोत किंवा शेजारून गेलेला ट्रक यांनी सुरू झालेले डोलणे आपोआप थांबत नाही. क्रांतिक वेग वाढवणे हेच फेरबदलांचे उद्दिष्ट असायला हवे. बॉलभार ट्रेलरच्या वजनाच्या किती टक्के असावा? ऑस्ट्रेलियात सुमारे 10, अमेरिकेत 10 ते 15, यूरोपात 4 ते 7 हे ठोकताळे प्रचलित आहेत. इतकी तफावत दिसते ती अंशतः कॅरॅव्हॅनच्या वजनामुळे व वेगमर्यादांमुळे. जर्मनीत ट्रेलरसह सर्वसाधारण मर्यादा ताशी 80 किमी., तर विशेष मान्यतेने 100 किमी. आहे. इंग्लंडमधील बाथ विद्यापीठात मांडणी बदलता येणाऱ्या ट्रेलरवर प्रयोग झाले. त्यांत बॉलभार, ट्रेलरच्या अक्षाचे स्थान आणि उभ्या अक्षाभोवतीचे जडत्व परिबल (वजन टोकांकडे जितके पसरलेले तितके ते जास्त) या तिन्हींचा प्रभाव मोठा आढळला. म्हणजे पुढे गॅस-सिलिंडर आणि मागे दोन सुटी चाके व सायकली लटकवून काट्यावर नेमके 10 टक्के साधले, तरी ती कॅरॅव्हॅन मध्यावर भरलेल्या 8 टक्केवालीपेक्षा अधिक डोलू शकते.

येथे कच्च्या रस्त्यासाठीचे व ओढीसाठीचे फेरबदल एकमेकांच्या विरोधात जातात. गाडी उंच केली की गुरुत्वमध्य व बॉल दोन्ही वर सरकतात, आणि ट्रेलरचे नाक उचलले जाऊन दोन अक्षांच्या कॅरॅव्हॅनमध्ये मागच्या अक्षावर भार जातो. मऊ कडांचे मोठे टायर आडवा दाब कमी सोसतात. शिवाय टायरचा व्यास 5 टक्क्यांनी वाढवला की रस्त्यावर मिळणारी ओढशक्ती जवळजवळ तेवढीच घटते. ओढीसाठी टायर निवडताना भारांक (टायर किती भार सोसतो याचा सांकेतिक आकडा) पाहावा : 112 म्हणजे प्रतिटायर 1,120 किग्रॅ., 121 म्हणजे 1,450 किग्रॅ.

डोलणे सुरू झाल्यास वेग वाढवून गाडी ‘सरळ ओढून काढावी’ असे जुने चालक सांगत. क्रांतिक वेगाची कल्पना पाहता हा सल्ला टिकत नाही. पाय ॲक्सिलरेटरच्या पेडलवरून काढून ट्रेलरचेच ब्रेक हाताने हलके लावणे योग्य, आणि म्हणूनच ट्रेलरच्या ब्रेक-नियंत्रकाची कळ चालकाच्या हाताशी बसवतात.

ब्रेक : ऑस्ट्रेलियात 750 किग्रॅ.पर्यंतच्या ट्रेलरला ब्रेक नसले तरी चालते. त्यापुढे 2,000 किग्रॅ.पर्यंत निदान एका अक्षावर, आणि 2,000 किग्रॅ.हून जड ट्रेलरला सर्व चाकांवर ब्रेक लागतात, शिवाय जोडणी तुटल्यास आपोआप लागणारी यंत्रणा. विद्युत् ब्रेकमध्ये चुंबक फिरत्या ड्रमच्या आतल्या सपाट पृष्ठाला चिकटू पाहतो, त्याच्याबरोबर ओढला जाऊन तरफ फिरवतो आणि तरफ ब्रेक-शू बाहेर दाबते. साधे नियंत्रक वेळेनुसार प्रवाह वाढवतात. सरस नियंत्रक गाडीचा मंदावण्याचा वेग मोजून त्या प्रमाणात प्रवाह देतात. हा एक बदल असा की ज्यावर काटकसर करू नये.

उष्णता : स्वयंचलित गीअरपेटीत टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची शक्ती तेलामार्फत गीअरपेटीला देणारा भाग) जोवर कुलूपबंद होत नाही तोवर तेल घुसळले जाऊन तापते. लांब चढावर हळू चालताना हेच होते. उपाय म्हणजे वेगळा तेल-शीतक, तापमापक, आणि गीअर हाताने खाली ठेवण्याची सवय. अमेरिकेतील एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे2807 या प्रमाणकात ओढक्षमता ठरवण्यासाठी ॲरिझोनातील डेव्हिस धरणाजवळचा सुमारे 18 किमी.चा चढ घेतात. 38 अंश से.च्या आसपासच्या उन्हात, वातानुकूलन पूर्ण चालू ठेवून मागे प्रत्येक बाजूला एकच चाक असलेल्या वाहनाने तेथे ताशी 40 मैलांच्या खाली येता कामा नये. इंजिनाच्या संगणकात फेरफार करून शक्ती वाढवणे लोकप्रिय असले, तरी शक्तीबरोबर उष्णताही वाढते आणि शीतन मात्र तेवढेच राहते.

विद्युत् मंडल : प्रवासात कॅरॅव्हॅनची बॅटरी भारित राहावी म्हणून जाड तार मागे नेऊन 50 अँपिअरचा अँडरसन प्लग लावतात. खरी फसगत तारेच्या मापात होते. ‘6 मिमी.’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मोटार-तारेत ते माप आवरणासह व्यासाचे असते. तांब्याचा छेद जेमतेम 4.6 चौ. मिमी. जाण्यायेण्याची 14 मी. तार व 30 अँपिअर प्रवाह धरल्यास तीत सुमारे 1.6 व्होल्टचा ऱ्हास होतो, तर 13.5 चौ. मिमी.च्या तारेत अर्ध्या व्होल्टच्या आसपास. नव्या गाड्यांतील अल्टरनेटर इंधन वाचवण्यासाठी विद्युत् दाब कमी करतात, म्हणून कॅरॅव्हॅनमध्ये बॅटरीजवळ तो पुन्हा वाढवून देणारा डीसी-डीसी चार्जर बसवावा लागतो.

जोडणी व आरसे : 50 मिमी.चा बॉल ऑस्ट्रेलियात 3,500 किग्रॅ.पर्यंत चालतो. खडबडीत वाटेवर त्याचा फिरण्याचा आवाका अपुरा पडतो, म्हणून तिन्ही दिशांत फिरणाऱ्या जोडण्या वापरतात. टो-बारची ताकद यूरोपीय पद्धतीत डी-मूल्याने सांगतात : गाडी व ट्रेलर यांच्या वजनांचा गुणाकार भागिले त्यांची बेरीज, गुणिले गुरुत्वीय प्रवेग. 3.2 टनांच्या गाडीमागे 3.5 टन असल्यास ते सुमारे 16.4 किलोन्यूटन येते. कॅरॅव्हॅन गाडीहून रुंद असल्याने बाहेर लांबवता येणारे आरसे लागतात.

विद्युत् वाहने : कॅरॅव्हॅन जोडल्यावर त्यांचा पल्ला साधारण निम्म्यावर येतो. चार्जिंगची जागा बहुधा एका गाडीपुरतीच आखलेली असते, त्यामुळे तेथे पोचल्यावर आधी कॅरॅव्हॅन सोडवून बाजूला उभी करावी लागते.